सान वितोच्या चर्चची किल्ली

मी किल्ली बोलतेय. वीतभर लांब, लोखंडी, आणि तोंडाने जरा फटकळ. पाचशे वर्षांपूर्वी डोंगरावरचं आमचं सान वितो चर्च बांधून झालं, तेव्हा गावच्या लोहाराने मला घडवलं. त्याच हिवाळ्यात एका फिरत्या चित्रकाराने लाकडी फळीवर मारियामाता रंगवली. गावाने त्याला चेस्टनटच्या पिठाची भाकरी घातली, त्याने मातेला गावच्या धोबिणीचे हात दिले. लाल, भेगाळलेले.

मी मात्र चर्चमध्ये राहत नाही. दर रविवारी घर बदलते. जिच्या चुलीशेजारी मी टांगलेली, तिने चर्च झाडायचं, दिवा लावायचा. अशी एकतीस घरं! कुणाच्या रश्श्यात मीठ जास्त, कुणाची सून रुसलीय, सगळं ठाऊक. मी चौकशा करत नाही हं, कानावर पडतं.

सोमवारी शहरातून संग्रहालयाचे साहेब आले. म्हणे, चित्र इथे सुरक्षित नाही, आम्ही नेतो. पाद्री महिन्यातून एकदा येतात. माता गेली, तर चर्चला कायमचं टाळंच की!

साहेबांनी पहिल्याच घरी, एर्सिलियाकडे किल्ली मागितली. ह्या आठवड्याचं घर तिचंच, आणि मी तिच्याच खिशात.

"माझ्याकडे कुठली? झेलिंदाकडे बघा."

झेलिंदा म्हणाली, "माझा आठवडा ईस्टरलाच झाला. नुन्त्सियाता आजीला विचारा. मोठ्याने बोला, ऐकू येत नाही तिला."

तिला? शेजारच्या घरातली कुजबुज ऐकते ती! पण साहेबांना तीनदा म्हणाली, "काय? कोण वारलं?"

एकतीस दारं झाली. घामाघूम साहेब म्हणाले, "गुरुवारी कुलूप तोडणारा घेऊन येतो!"

गाडी वळणापलीकडे गेल्यावर एर्सिलिया म्हणाली, "कुलूप? ते माझ्या आजेसासूच्या लग्नाआधीच मोडलंय. दाराला खांदा लावून वर रेटलं की उघडतं."

"शहरातला माणूस, कुलूप दिसल्यावर दाराला कशाला हात लावेल?" झेलिंदा हसली. मग म्हणाली, "गुरुवारी काय करायचं गं?"

"विणकाम घेऊन ये," आजी म्हणाली. "आणि उशी. बाकं गार असतात."

होय, मी आता काहीच उघडत नाही. लोखंडाचा तुकडा म्हणा हवं तर. पण माझ्यापायी एकतीस घरं ह्या चर्चला आपलं म्हणतात, ते आपलेपण, साहेब, संग्रहालयाच्या कुठल्या कपाटात ठेवाल?

आज गुरुवार. मी चर्चमध्ये, एर्सिलियाच्या मांडीवर आहे. समोर मातेचे लाल हात, आणि बाकांवर ओळीने गावच्या बायकांचे तसेच हात, सुया चालवणारे. बाहेर गाडी थांबलीय.

या साहेब. दार उघडंच आहे. आधी आम्हाला उचलून दाखवा.