उसना पत्ता

सकाळी आठला कमलने चौथ्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत चांगलंच गरम लागलं. खत नीट मुरत होतं. वाळका पाला मात्र आणखी दोन पाट्या हवा होता.

वाकोल्यातल्या या सोसायटीचा ओला कचरा पाच महिने ती एकटी सांभाळत होती. सोसायटीतल्याच, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सुहासिनीताईंनी पुलाखाली राहणाऱ्या चौघींना हे काम शिकवलं होतं. तिघी गळाल्या, कमल टिकली.

सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर पोलीस पडताळणीचा फॉर्म घेऊन आले. "आज शेवटचा दिवस. पत्ता नाही तर गेटपास नाही, आणि गेटपास नाही तर काम नाही."

"पुलाखाली राहते मी, साहेब."

"अगं, कुणाचा तरी लिही ना! सगळे लिहितात. मी काय बघायला येणारे?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. पलीकडच्या चाळीतल्या शांताबाईंनी कालच निरोप धाडला होता, पत्ता हवा तर घेऊन जा. मुलीच्या, सपनाच्या शाळेसाठी कमलने तो एकदा घेतला होता. बदल्यात आधी नुसती भांडी घासायला लागली. मग धुणं आलं, मग सुनेचं बाळंतपण. कमल कुरकुरली की शांताबाई गोड आवाजात म्हणायच्या, "शाळेत जाऊन सांगू का, इथं कोणी राहत नाही म्हणून?" सपनाची दहावी होईपर्यंत तीन वर्षं कमल त्या खोलीत रोज राबली. राहिली एक दिवसही नाही.

तिने हात पुसून पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं: उड्डाणपुलाखाली, खांब नंबर सत्तावीस.

"हा काय पत्ता झाला?" श्यामसुंदर वैतागले. "पोलीस शोधणार कसे तुला?"

"रोज सकाळी तेच उठवतात मला. त्यांना पाठ आहे."

वॉचमन फिस्सकन हसला. श्यामसुंदरांनी डोळे वटारले.

फॉर्मवर ओळख देणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती. सुहासिनीताई कठड्याशी उभ्या होत्या. पाच महिन्यांत त्यांनी कमलला ढिगाचं तापमान रोज विचारलं होतं. ती झोपते कुठे, हे एकदाही नाही. त्या पुढे झाल्या आणि सही केली.

"सहीने काय होतंय, मॅडम? रविवारी मीटिंगमध्ये ठरेल. तोवर हिने आत यायचं नाही."

"मीटिंगला मी येऊ?" कमलने विचारलं. "माझं मी सांगते."

"मीटिंग आत असते, कमल. तू येणार कशी?"

पाट्या तिथेच ठेवून कमल गेटबाहेर पडली, आणि वॉचमनने मागून कडी लावली.

सुहासिनीताईंनी ती कडी काढली.

"मग मीटिंग गेटबाहेर घेऊ," त्या म्हणाल्या. "खुर्च्या मी लावते."

श्यामसुंदर हसले. ताई हसत नव्हत्या.