तोंडी लावणं

"भात काऊन तसाच्या तसा आहे वो?"

सुमनबाई पळी हातात धरून सुनेच्या ताटाकडे बघत होत्या. त्यांच्या घरात ताटात भात शिल्लक ठेवणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच होता.

"खाऊन राहिली ना, आई," दीप्ती म्हणाली.

खात तर नव्हती. भाताचा ढीग तिनं एका बाजूनं जरासा उकरला होता आणि बोट फिरत होतं ते ताटाच्या कडेवर. तिथे अंबाडीच्या बोंडांची लाल चटणी होती, तिच्याजवळ जवसाची आणि पलीकडे आंब्याच्या लोणच्याची फोड. जवसात तेल, लोणच्यात त्याहून जास्त, अंबाडीत तेल नाही. एवढा विचार करून तिनं अंबाडीचं बोट चाटलं. कोरड्या पडलेल्या जिभेला पाणी सुटलं आणि दोन घास भात खाली उतरला.

"चटनीनं जाते काय घास?"

"हव. आंबट असलं का जाते थोडासा."

"अन् भातावर मन नाई?"

"वासही नको वाटते."

सुमनबाईंची पळी वरणातच थांबली. त्यांनी सुनेला एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि स्वतःच्या वाट्याची चटणीही तिच्या ताटात वाढली. उठताना त्या गालातल्या गालात हसत होत्या. दीप्तीनं ते पाहिलं, पण तिला वाटलं, आज चटणी जमली म्हणून खूश असतील.

खरी गोष्ट दीप्तीच्या बटणांच्या डब्यात होती. ती घरीच ब्लाऊज शिवायची. गोंदियाजवळच्या त्यांच्या गोरेगावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती, आणि स्वतःचं माप घ्यायची मात्र लाज वाटायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. अंग वाढत गेलं, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही आणि दिवस राहत नव्हते. दिवाळी झाल्यावर ती आणि तिचा नवरा अतुल गोंदियाला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, आधी वजन उतरवा, पाळी आपोआप वेळेवर येऊ लागेल, मग मुलाचं बघू. त्यांनी भूक कमी करणारी कॅप्सूल लिहून दिली. तोंडाला कोरड पडेल, अन्न नकोसं होईल, घाबरू नका, म्हणाल्या. आणि लोणचं, पापड, सॉस, असलं तोंडी लावणं बंद, हेही बजावलं. आता जे बंद करायचं तेवढंच घशाखाली उतरत होतं, त्याला दीप्ती तरी काय करणार?

सासूला सांगायची सोय नव्हती. सुमनबाईंनी तरुणपण दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी करण्यात घालवलं होतं. संध्याकाळी मिळालेल्या तांदळात घरच्या सगळ्यांचं भागवून उरलं तर त्या खात, नाहीतर मीठ-मिरची लावून पेज पीत. यादोराव, त्यांचा नवरा, गेला तेव्हा अतुल शाळेत होता. ज्या बाईचा जन्म भूक भागवण्यात गेला, तिला सून भूक मारायची गोळी पैसे मोजून आणते, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? म्हणून कॅप्सूलची पाकिटं बटणांखाली गेली.

तिसऱ्या दिवशी शेजारची मंदाबाई ब्लाऊज न्यायला आली. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "मंग, पेढे कवा चारतं?"

"कायचे पेढे?"

"घे! सारी गल्ली ओळखून राहिली अन् हिलेच ठाऊक नाई. सुमनबाई परवा विहारात बसली होती, चेहरा नुसता फुलला होता. म्हने, सून आंबट मांगून राहिली."

दीप्तीच्या हातातली कात्री तशीच राहिली. खायला नको, वास नको, आंबट हवं, आणि दोरीवर दोन महिन्यांत पाळीचा कपडा नाही. सासूनं सरळ हिशेब मांडला होता आणि तो चुकला म्हणायलाही जागा नव्हती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती उठलीही. स्वयंपाकघरात सुमनबाई विळीवर आवळे किसत बसल्या होत्या आणि बुद्धवंदनेची गाथा गुणगुणत होत्या. सहा वर्षांत ही बाई एकदाही तिला टोचून बोलली नव्हती. कुणी "काऊन नाई अजून?" म्हणून विचारलं, की "माही सून आहे, तुमाले काय करनं आहे?" म्हणून त्याचीच जिरवायच्या. तिच्याकडे बघून त्या हसल्या. "उभी नोको राहू वो माय, बस," म्हणाल्या आणि स्वतःचा पाट तिच्याकडे सरकवला. दीप्ती त्या पाटावर बसली. आणि खरं सांगायचं तर तिला ते बसणं आवडलं. पोटात काही नसताना चार दिवस पोटुशी बाईचा मान मिळाला आणि तिनं तो घेतला. पुढे तिला सगळ्यात जास्त याचीच लाज वाटायची.

रात्री तिनं अतुलला सांगितलं. तो गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये कामाला होता, मोटारसायकलनं रोज ये-जा करायचा. माणूस चांगला, पण आईसमोर शेळी.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"मी सांगतो ना उद्या. तू टेन्शन कायले घेतं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तो हातात पिशवी घेऊन. पिशवीतून तीन बाटल्या निघाल्या, एक लाल, एक हिरवी, एक काळी.

"हे काय?"

"आईनं सकारीच सांगतलं, गोंदियातून काही आंबट-चिंबट आन म्हनून. दुकानवाला म्हने, भैया, चायनीजवाला सॉस ले जाओ, लेडीज लोगों को पसंद आता है. मी म्हटलं कोनता? तो म्हने, तीनों ले जाओ."

"अन् तुम्ही आईंना सांगणार होते ना?"

अतुल डोकं खाजवत राहिला. "आता तिनं इतक्या हौसेनं मांगवलं तं..."

सुमनबाईंनी तिन्ही बाटल्या ओळीनं मांडल्या आणि एकेकीचा थेंब तळहातावर घेऊन चाखला. लालला म्हणाल्या, "हे तं टमाट्याचा गुळंबा होय." हिरवीनं ठसका लागला. काळी चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं. "बाप्पा! जळल्या गुळाचं पानी. हे खाऊन लोकं जगते तरी कसे गा?" पण सुनेनं हिरव्या बाटलीतलं थोडं भातावर घेतलेलं दिसताच त्या बाटलीला त्यांनी फडताळात पुढची जागा दिली.

त्यानंतर ताटाच्या कडेवर रोज नवीन काहीतरी येऊ लागलं. भाजलेल्या टमाट्याची चटणी, आवळ्याची, वाळल्या झिंग्यांची, नव्या चिंचेची. "कोनती बरी वाटली?" सुमनबाई विचारायच्या आणि दीप्तीनं बोट दाखवलं, की दुसऱ्या दिवशी तीच जास्त व्हायची. दीप्ती कमी तेलाची, कमी गुळाची बघून निवडायची आणि सासू त्याला डोहाळे समजायची. भात मात्र उरायचाच. सासूची पाठ फिरली, की ती तो पदराआड नेऊन मागच्या दारी मंदाबाईच्या बकरीपुढे टाकायची. अन्न टाकताना ती नजर दुसरीकडे वळवायची. बकरी तेवढी महिनाभरात गुबगुबीत झाली.

एकदा सुमनबाईंनी पेटीतून आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं. "याचं दुपटं शिव. नव्या कपड्यानं लेकराचं अंग घासते." दीप्तीनं ते मशीनवर ठेवलं आणि वर गिऱ्हाइकांची कापडं रचली. लग्नसराईचं काम आहे, आई, म्हणाली. दर दोन दिवसांनी सुमनबाई विचारायच्या आणि दर दोन दिवसांनी लग्नसराई लांबायची.

तोवर तिचे स्वतःचे ब्लाऊज ढगळ होऊ लागले होते. एका दुपारी ती बाह्यांची शिवण आत घेत होती, तेवढ्यात सुमनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अशा दिवसात बायका कपडे ढिले करते. तू आवळून राहिली?"

"खाणं कमी झालं ना, आई." यात खोटं काहीच नव्हतं.

सुमनबाईंनी तिच्या सुटलेल्या दंडाला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "अंगात काही राह्यलंच नाई तुह्या. माह्याच हाताले चव नाई राह्यली वाटते." संक्रांत जवळ आली होती. त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या, तीळ भाजले, सुक्या मिरच्या आणि लसूण घालून खलबत्त्यात कुटले आणि रात्री जेवताना स्वतः घास करून सुनेला भरवला. तिळाच्या चटणीनं दीप्तीला खरंच बरं वाटलं. खूप दिवसांनी ती अर्धं ताट जेवली. सुमनबाईंनी पुढचे चार दिवस तीच वाढली.

पाचव्या दिवशी सकाळी दीप्तीला पाळी आली.

न्हाणीत उभी राहून ती आनंदानं रडली. बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. वजन उतरलं, पाळी आली, आता मूलही होईल. उपाशी राहिल्याचं, कोरड्या तोंडानं रात्र-रात्र जागल्याचं सार्थक झालं असं तिला वाटलं. अतुल मिलमध्ये गेला होता, नाहीतर तिनं त्यालाच आधी सांगितलं असतं. तोंड पुसून ती बाहेर आली.

खोलीत सुमनबाई जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर तिच्या अंथरुणावरची चादर होती आणि चादरीवर डाग.

"इकडे ये माय," त्या म्हणाल्या. "घाबरू नोको. पुन्हा होईन. अजून वय आहे तुहं." त्यांनी तिला जवळ घेतलं, खाटेवर निजवलं, पायांवर वाकळ टाकली. चादर स्वतः धुतली. ओव्याचं गरम पाणी आणून दिलं. दीप्ती नुसती बघत राहिली. तिच्या मनात आलं, गप्प राहिलं तर सगळं मिटेल. होतं, गेलं. लोक दोन दिवस हळहळतील, आणि वांझ म्हणून पुन्हा कुणी बोलणार नाही. या विचारानं तिला बरंही वाटलं.

मग स्वयंपाकघरात काहीतरी घासल्याचा आवाज येऊ लागला. ती उठून गेली. सुमनबाईंनी तिळाच्या चटणीची बरणी राखेच्या ढिगावर उपडी केली होती आणि खलबत्ता घासत होत्या. लखलखीत झाला तरी हात थांबत नव्हता.

"आई, काय करता?"

"म्याच केलं वो हे." त्यांनी वर पाहिलं नाही. "तीळ गरम पडते. माही सासू सांगे, पोटुशीले तीळ देऊ नोको. मले ठाऊक होतं. तुह्या तोंडाले चव येऊन राहिली म्हनून मी देत गेली. चार दिवस देल्ले. माह्या हातानं गेलं लेकरू."

दीप्ती तिथेच ओट्याला धरून खाली बसली.

"तिळानं काही नाही झालं, आई."

"तुले काय ठाऊक?"

"काही नव्हतंच." ती एका दमात बोलली. थांबली असती तर तिनं पुन्हा कधीच तोंड उघडलं नसतं. डॉक्टरीणबाई, वजन, कॅप्सूल, बकरी, सगळं सांगितलं. बटणांचा डबा आणून सासूपुढे ओतला. बटणांमध्ये ती चकचकीत पाकिटं पडली. "माझी पाळी आली, आई. दुसरं काही नाही. तुम्ही समजल्या तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मला बरं वाटत होतं म्हणून नाही सांगितलं. मारा मला."

सुमनबाईंनी एक पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं आणि ठेवून दिलं.

"म्हनजे नव्हतंच?"

"नव्हतं."

"तिळानं नाई गेलं?"

"नाही, आई."

सुमनबाईंनी मोठा श्वास सोडला. एका ओझ्यातून त्या सुटल्या होत्या, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण चेहरा तेवढ्यावर थांबला नाही, तो आणखी आणखी उतरत गेला. त्या रागावल्या असत्या तर दीप्तीला सोसलं असतं.

"भुकीची गोळी," त्या हळूच म्हणाल्या. "सांगतलं असतं तं म्या काय नाई म्हटलं असतं? लेकरासाठी घेतली ना?" आणि एकेक करून त्या बटणं डब्यात भरू लागल्या.

तेवढ्यात दारात मंदाबाईची हाक आली. सकाळी-सकाळी दोरीवर चादर वाळत घातलेली तिनं पाहिली होती. दीप्ती उठायला लागली. "मी सांगते त्यांना खरं काय ते."

"तू बस," सुमनबाई म्हणाल्या आणि लुगड्याला हात पुसत बाहेर गेल्या.

"जयभीम, सुमनबाई. काय झालं वो?"

"गेलं, बाई."

"अरे माय माय! काऊन? पोरीनं काही भलतंसलतं खाल्लं काय? आजकालच्या पोरी ऐकतेच कुठं."

"तिनं काही नाई केलं," सुमनबाईंचा आवाज आला. "तिले नाव नोको ठेवू. म्याच तिळाची चटनी देल्ली."

"तुमाले ठाऊक नव्हतं काय, तीळ..."

"ठाऊक होतं. तरी देल्ली. उद्या विहारात कोनी पुसलं तं हेच सांगजो."

दोघी ओटीवर बसल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा. आत दीप्तीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. दाराच्या फटीतून तिला दिसलं, मंदाबाई सुमनबाईंच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि सुमनबाई हमसून हमसून रडत होत्या. घरात सकाळपासून त्या एकदाही रडल्या नव्हत्या.