बाहेरून कुलूप

किल्लीवालीच्या दुकानात तो आला तो भर दुपारी. समोरच्या इमारतीत नुकताच राहायला आलेला, चष्म्याच्या काचा घासून चष्मे बनवणारा. उंच, डोळे तांबारलेले, कुणाशी बोलणं नाही.

"खोलीला बाहेरून कुलूप हवंय," तो म्हणाला. "आतून कितीही खटपट केली तरी उघडता कामा नये."

"आत कोण असणार?"

तो पत्ता ठेवून निघून गेला.

शेजारची इस्त्रीवाली कान टवकारून होतीच. "घरात म्हातारी आई आहे त्याची. तिला कोंडणार बघ. सरळ पोलिसांत जा."

किल्लीवालीलाही तीच शंका आली. पण नुसत्या तर्कावर कुणाच्या नावाने बोंब ठोकणं तिला पटेना. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच कुलूप बसवायला गेली.

खोलीत एक पलंग. खिडकीला गज. आरसा नाही, काचेचा पेला नाही, काडेपेटीसुद्धा नाही. स्वयंपाकघरात म्हातारी बसली होती. एवढ्या उकाड्यात गळ्याला रुमाल गुंडाळून. रुमाल जरा सरकला, तेव्हा खाली बोटांचे निळे वळ दिसले.

किल्लीवालीला वाटलं, असंच पळत सुटावं. तरी तिने विचारलं, "भाऊ, खरं सांगा. हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मी झोपेत चालतो. गेल्या आठवड्यात जाग आली तेव्हा माझे हात आईच्या गळ्यावर होते. मला काही म्हणजे काही आठवत नाही."

"आणि त्याने हाक मारली की मी दार उघडणार," म्हातारी म्हणाली. "आईच ना मी. किल्ली तू ठेव, पोरी."

तिने ठेवली. जेवणं झाली की कुलूप लावायचं, सकाळी उघडायचं. मग तिघांचा चहा. माणूस चांगला गप्पिष्ट निघाला. इस्त्रीवालीची अशी नक्कल करायचा की हसून हसून किल्लीवालीचं पोट दुखायचं. कानशीने किल्ल्या घासून घासून तिची नजर अधू झाली होती. डोळे तपासून त्याने तिला चष्मा करून दिला. डॉक्टरांकडे ती त्याच्यासोबत गेली. गोळ्या सुरू झाल्या.

एका सकाळी ती दाराशी पोचते तोच आतून आवाज आला. "ताई, आलात? उघडा."

नेहमीचाच मोकळा आवाज. तिने किल्ली घातली. तेवढ्यात म्हातारीने तिचं मनगट धरलं. "तासभर हेच चाललंय," ती पुटपुटली.

"भाऊ, काल डॉक्टर काय म्हणाले?"

"ताई, आलात? उघडा." तोच सूर, तीच लय.

तिने किल्ली काढून घेतली. दाराला पाठ टेकून बसली आणि बोलत राहिली. दुकानाचं, अडून बसलेल्या कुलपांचं, तोंडाला येईल ते. आत लोखंडावर काहीतरी खरवडत होतं. बऱ्याच वेळाने ते थांबलं.

"कोण आहे बाहेर?" आवाज घाबरलेला होता. "माझ्या हातांना काय झालंय?"

"मीच आहे. उघडते."

त्याची नखं फाटली होती, बोटं रक्ताळली होती. वरच्या बिजागरीचे तिन्ही स्क्रू निघाले होते आणि उंबऱ्यापाशी एका ओळीत नीट मांडून ठेवले होते. खालच्या बिजागरीचा एक ढिला झाला होता.

तो बघतच राहिला. "ताई, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"मावशी, चहा टाका," ती म्हणाली. दुकानातून तिने लांब स्क्रू आणले. आधी त्याच्या बोटांना पट्ट्या बांधल्या. मग ती दाराशी बसली आणि तो एकेक स्क्रू तिच्या हातात देत राहिला.

"घट्ट बसवा," एवढंच तो म्हणाला.