पेन्सिलीचे ठिपके

डोळ्यात पहिल्या औषधाचा थेंब घातला की दुसऱ्याचा पाच मिनिटांनी घालायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती पाच मिनिटं मारिपा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. दिवसातून चार वेळा. चोवीस तासांची ड्यूटी करून आलेल्या चिनाराला आईच्या या पाच मिनिटांचा आधार वाटू लागला होता. कुणी काही न विचारता नुसतं बसू देईल अशी तिची दुसरी वेळच उरली नव्हती.

त्या शनिवारी मात्र मारिपा मिटल्या डोळ्यांनी बोलली.

"एमिलबेकचा फोन आला होता."

एमिलबेक चिनाराचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणून रिवाजाप्रमाणे गावचं घर, मेंढरं आणि आई त्याच्याकडे.

"काय म्हणाला?"

"सोमवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहू दे म्हणतो. तिथं राहिलीस तर ती माणसं तुलापण बाटवतील. तुमच्यात पोरांना आईबापाचा द्वेष करायला शिकवतात, असं त्याला कुणीतरी सांगितलंय."

चिनारा घड्याळाकडे बघत राहिली. "आणि तू काय म्हणालीस, अपा?" आईला ती अपा म्हणायची.

"म्हटलं, उद्या रविवार. ती माणसं उद्या इथंच यायचीत. ऐकते, मग सांगते." मारिपाने नाक ओढलं. "डोळा कापलाय माझा, कान नाही."

चिनाराने दुसरा थेंब घातला. हात स्थिर होता. सुया आणि काचपट्ट्या हाताळून तो तसा झाला होता. ती किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या इस्पितळात रक्त तपासायची. अकरा वर्षांपूर्वी ती येशूच्या मार्गाला लागली, तेव्हा बापाने तिच्याशी बोलणं टाकलं, ते तीन वर्षांनी मरेपर्यंत. आई बोलायची, पण कामापुरतं. या अकरा वर्षांत मारिपा लेकीच्या घराची पायरी पहिल्यांदा चढली ती या डोळ्यासाठी. चार वर्षं तिला मेंढरू आणि धोंडा यांतला फरक दिसत नव्हता. दुसरा डोळा सहा आठवड्यांनी करायचा होता. ती आत्ता परत गेली असती तर पुन्हा आली नसती, हे चिनाराला माहीत होतं.

आणि उद्याच्या वाचनात नेमका तो द्वेषाचा भाग होता.

त्यांचं मंडळ सात जणांचं. दर रविवारी एकाच्या घरी जमायचं, चहा प्यायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात गायचं आणि पुस्तक, म्हणजे बायबल, वाचायचं. वाचन ओळीने, काही गाळायचं नाही. दस्तरखानाभोवती, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडाभोवती, जसे बसतील तसा एकेकाने एकेक भाग वाचायचा आणि वाचून झाल्यावर काय कळलं ते सांगायचं. कळलं नाही तर सरळ तसं म्हणायचं. मग सगळ्यांनी आपापल्या पुस्तकात तिथं पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. वर्षातून एकदा ते सगळे ठिपके पुन्हा वाचले जात. काही खोडले जात, बरेच तसेच राहत.

मागच्या रविवारी मंडळातल्या रायखानआजीपाशी वाचन थांबलं होतं. आजीच्या पुढची जागा चिनाराची. तिला जागा बदलताही येत नव्हती, कारण चहा ओतणारी ती, आणि ओतणारीने किटलीजवळ दाराशीच बसायचं. लूकचा चौदावा अध्याय, शेवटचा भाग. सोमवारीच तिने तो काढून पाहिला होता आणि आपल्या नव्या, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकात आगाऊच ठिपका देऊन ठेवला होता.

आई झोपल्यावर तिने स्वयंपाकघरातून असानकुलला फोन लावला. असानकुल विजेचे मीटर दुरुस्त करायचा. मंडळात तो सगळ्यांत जुना, म्हणून सगळे त्याला बाइके, म्हणजे थोरला भाऊ म्हणत.

"बाइके, उद्या माझ्याकडे आहे."

"हो की. रायखानआजी पिठाचे बोरसोक तळून आणणार आहे. तू कढई काढू नकोस, झोप काढ."

"उद्या सुरुवात माझ्यापासून आहे."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. "हं," तो म्हणाला.

"अपा घरातच असेल. आपण पुढून सुरू करू या का? हरवलेल्या मेंढराची गोष्ट. तिला मेंढरं कळतात."

"घर तुझं, आई तुझी. मी नाही म्हणणार नाही." तोही थकलेला वाटत होता. "पण सोयीचं तेवढंच वाचायला लागलो ना चिनारा, तर हळूहळू आपण आपल्याच मनातलं वाचत बसू."

"तुम्हाला तो भाग कळलाय?"

"माझ्याकडे तिथला ठिपका एकोणीस वर्षांचा आहे."

"मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

"बोलणाऱ्यावर. त्याचं बाकीचं वागणं बघून. इथं तो आईबापाच्या द्वेषाचं बोलतो, आणि क्रुसावर जीव जात असताना आईला कुणाच्या घरी ठेवायचं ते ठरवून जातो. दोन्ही एकाच तोंडचं. मला ते जुळवता येत नाही. पण एक पान फाडून जुळवायचं, हे नको वाटतं."

फोन ठेवल्यावर चिनारा बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. असानकुलचं म्हणणं तिला पटलं होतं. पण त्याची आई केव्हाच गेली होती, आणि तिची आई पलीकडच्या खोलीत घोरत होती.

रविवारी दुपारी माणसं आली. बुटांना वितळत्या बर्फाचा चिखल होता, त्यामुळे दारात बुटांचा ढीग पडला. मारिपाला सगळ्यांनी मानाच्या जागी, दारापासून दूर भिंतीशी बसवलं. तिने एकेकाकडे नव्या डोळ्याने नीट पाहून घेतलं.

"तुम्ही मीटरवाले ना?" तिने असानकुलला विचारलं. "आमच्या गावचा मीटर कुणीच नसताना फिरतो."

"पाठवून द्या एमिलबेकबरोबर, बघतो."

"तो बघू देणार नाही. त्यालाही बाटवाल म्हणेल."

रायखानआजी खो खो हसली. चिनाराला मात्र हसू आलं नाही. तिने चहा ओतला, गाणं झालं, पुन्हा चहा ओतला आणि मग पुस्तक तिच्यासमोर आलं.

ती वाचू लागली. येशूमागून मोठा जमाव चालला होता आणि तो वळून त्यांच्याशी बोलला. इथवर आल्यावर तिची नजर आपोआप चार ओळी खाली उतरली. ज्याला बुरूज बांधायचा आहे त्याने आधी खर्चाचा अंदाज घ्यावा. पाया घालून काम अर्ध्यावर राहिलं तर बघणारे हसतात. पुढे लढाईला निघालेला राजा. पुढे मीठ. आवाज कुठेही अडला नाही. संपल्यावर तिने मान वर केली नाही.

असानकुल आपल्या पुस्तकात बघत होता.

"बुरुजाचं कळलं," भिंतीकडून मारिपा म्हणाली. "हिच्या बापाने नव्या घराचा पाया घातला होता. नऊ वर्षं नुसता पाया. त्यात बकऱ्या झोपायच्या. येणारा जाणारा हसायचा." तिने चहाची वाटी खाली ठेवली. "पण मधलं कुठं गेलं?"

"काय मधलं, अपा?"

"तू गाळलंस ते."

चिनाराने किटली उगाच सरळ केली.

"मी बुधवारी वाचलंय," मारिपा म्हणाली. "चार वर्षांनी अक्षर दिसलं मला. घरात मोठ्या अक्षरांचं पुस्तक तेवढं एकच. एवढं जाडजूड सगळं कुठं वाचत बसू? तू जिथं जिथं ठिपके दिलेत, तिथलं वाचलं. म्हटलं, पोरीने खूण केलीय म्हणजे महत्त्वाचं असणार. एकतीस आहेत. मोजले मी."

मग रायखानआजीने तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. "म्हणजे बाईंनी नेमकं सगळं कठीण तेवढंच वाचलं. गोड काहीच नाही."

"गोड कुठं आहे?"

"ठिपके नाहीत तिथं."

"ते सांगायला नको का आधी?" मारिपा म्हणाली. मग ती लेकीकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "बुधवारपासून वाट बघतेय. म्हटलं, रविवारी हा भाग येईल तेव्हा ही काय सांगते ते ऐकू. आणि तू तो खाल्लास. आता मी काय समजायचं? वाचलं असतंस तर अर्थ विचारला असता. लपवलंस म्हणजे जसं लिहिलंय तसंच तुझ्या मनात आहे, असं झालं ना?"

प्रयोगशाळेत एखादा आकडा बाकीच्यांशी जुळला नाही, तर चिनारा तो कधी गाळत नसे. आहे तसा लिहायचा, खूण करायची, पुन्हा तपासायचा. अनोळखी माणसांच्या रक्ताच्या बाबतीत तिने हे इतकी वर्षं पाळलं होतं. हे डोक्यात आलं आणि तिला फार थकल्यासारखं वाटलं. तिने पान पुन्हा उघडलं.

या वेळी तिने सगळं वाचलं. जो आपल्या बापाचा, आईचा, बायकापोरांचा, भावाबहिणींचा, स्वतःच्या जिवाचाही द्वेष करत नाही, त्याला आपला शिष्य होता येणार नाही, असं तो म्हणतो, ते. आई या शब्दालाही ती थांबली नाही.

"काय कळलं?" असानकुलने नेहमीसारखं विचारलं.

"कळलं नाही." तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. "अपा, मी तुझा द्वेष करत नाही. त्याला काय म्हणायचंय ते मला ठाऊक नाही. पण एवढ्या एका गोष्टीपायी त्याला सोडावंसं वाटत नाही. तुलाही नाही. याहून जास्त माझ्याकडे काही नाही."

मारिपाने बोरसोकचा एक तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसली. सहा पेन्सिली हलल्या नाहीत. तिथं त्या सगळ्यांचे ठिपके मागच्या वाचनापासूनच होते.

पुढचा भाग असानकुलचा होता, हरवलेल्या मेंढराचा. तो वाचून संपवतो न संपवतो तोच मारिपा म्हणाली, "नव्याण्णव रानात सोडून एकामागे गेला?"

"हो."

"राखायला कुत्रा तरी होता?"

"लिहिलेलं नाही."

"अशा माणसाला आम्ही एक उन्हाळाही कामावर ठेवणार नाही. हे कसं काय? घाला इथं ठिपका."

एकोणीस वर्षांत त्या पानावर ठिपका द्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. असानकुलने कानावरची पेन्सिल काढली आणि ठिपका दिला. रायखानआजीनेही दिला, कुरकुरत.

माणसं गेल्यावर चिनाराने वाट्या विसळल्या आणि रात्रीच्या जेवणाआधीचे थेंब घेऊन बसली. पहिला घातला. मारिपाने डोळे मिटले.

"एमिलबेकला फोन केला मी," ती म्हणाली. "तू खाली कचरा टाकायला गेलीस तेव्हा."

चिनाराने बाटली घट्ट धरली.

"म्हटलं, तू ऐकलंस ते खरं आहे. तसंच लिहिलंय. पोरीला विचारलं, तिलापण कळलेलं नाही म्हणते."

"मग?"

"मग तो गप्प झाला. त्याला भांडण हवं होतं, मिळालं नाही. म्हटलं, दुसरा डोळा झाल्यावर ये." मारिपाने पापण्या न उघडता हाताने चाचपून लेकीचा गुडघा शोधला. "तुमचं मला पटलंय असं समजू नकोस. नमाज मी इथंच पढणार."

"पढ की."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"तुझ्या बापाने तीन वर्षं तुझं नाव घेतलं नाही," मारिपा म्हणाली. "लोक म्हणायचे, पोरीचा द्वेष करतो. पण रोज संध्याकाळी मेंढरं आत घेतली की तो फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघायचा. शेवटपर्यंत. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. तो द्वेष नव्हता. काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही."

चिनाराला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने हातातली बाटली मांडीवर ठेवली.

"पाच मिनिटं झाली?"

"अजून दोन आहेत."

"मग बस जरा. बोलू नकोस. दमलीयस तू."