कूलरचं तोंड

लग्नात बाबांनी कपाट दिलं, भांडीकुंडी दिली. ते सगळेच देतात. कूलर मात्र त्यांनी स्वतः वाशिमला जाऊन, दुकानात चालू करून, हवेसमोर उभं राहून घेतला. मला ऊन सोसत नाही, मे महिन्यात माझा घोळणा फुटतो आणि नाकातून रक्त थांबता थांबत नाही, हे त्यांना माझ्या लहानपणापासून ठाऊक. तेव्हा तो कूलर माझ्यासाठी होता. जावयासाठी नव्हता, आणि त्याच्या त्या काळ्या लॅपटॉपसाठी तर मुळीच नव्हता.

माझं सासर कारंज्याचं. नवरा, वीरेंद्र, बाजारात एका अडत दुकानात कामाला जातो. घरी आला की गादीवर लॅपटॉप मांडतो, कानाला हेडफोन लावतो आणि कुठकुठल्या पोरांसोबत लढाईचा गेम खेळतो. रविवारी तर सकाळपासूनच. लॅपटॉप तापला की त्यातला पंखा घोंघावतो, चित्र अडकतं आणि गेममधला ह्याचा माणूस मरतो. उन्हाळा लागल्यावर हे रोजचंच झालं. मग एक दिवस यानं मला न विचारता माझ्या कूलरचं तोंड लॅपटॉपकडे फिरवलं.

पाणी मात्र मीच भरायचं. न्हाणीतून बादल्या वाहून टाकी मी भरायची आणि गार हवा सवतीनं खायची. सवतच म्हणते मी त्या लॅपटॉपला. तो तिला मऊ फडक्यानं पुसतो. तापली का, म्हणून तिच्या पाठीला तळहात लावून बघतो. माझा घोळणा फुटला तेव्हा यानं स्क्रीनवरची नजरही न काढता मला गार पाणी मारायला सांगितलं होतं. जळते मी तिच्यावर. एका यंत्रावर इतकं जळायची मलाच लाज वाटते, पण जळते.

त्यात माहेराहून, किन्हीराजाहून बाबांचा फोन आला. रविवारी येतो म्हणाले. हवा बरोबर लागते ना, हे त्यांनी आधी विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले. आता ते डोळ्यांनी बघणार होते. कूलर लॅपटॉपकडे वळलेला दिसला असता तर ते चकार शब्द बोलले नसते. पाणी पिऊन, इकडचं तिकडचं बोलून एसटीत बसले असते आणि घरी जाऊन महिनाभर झुरले असते. ते येण्याआधी कूलर माझ्याकडे वळायलाच हवा होता.

मी सरळ विचारून पाहिलं. "लॅपटॉप जळला तं दुसरा कुठून आणू?" वीरेंद्र म्हणाला. "तुले पंखा हाये नं वर." वरचा पंखा भट्टीतली हवा खाली ढकलतो, हे त्याला कोण सांगणार. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पोरगा घरात डोळ्यांसमोर तर बसतो, आणखी काय पाहिजे. त्या तेव्हा उडदाचे पापड लाटत होत्या, आणि त्या पापडांनीच मला वाट दाखवली.

कूलरच्या ओलसर हवेत पापड टिकत नाही. कूलर असलेल्या खोलीत पापडाचा डबा कोणी ठेवत नाही. रविवारी सकाळी मी एक पापड भाजला, ताटलीत घातला आणि लॅपटॉपला लागून ठेवला. याला वाटलं, बायकोनं लाडानं खायला आणला. डाव संपल्यावर यानं न बघताच हात घातला, तर पापड ओल्या फडक्यासारखा लोंबला.

"हा काहून लुळा पडला?"

"तुमच्या लॅपटॉपले जे हवा लागून राह्यली, थेच यालेबी लागली," मी म्हटलं. "त्याच्या पोटात काय झालं असन, थे तुमीच पाहा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. गेम तसाच सोडून तो उठला आणि त्यानं कूलर फिरवला, थेट पलंगाकडे, माझ्याकडे. कितीतरी दिवसांनी गार झोत माझ्या तोंडावर आला. मी जिंकले होते. पण तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, तिला कोरड्या फडक्यानं पुसत होता.

आता ती थंड कशी राहणार, याची त्याला चिंता पडली. तापली तर कूलर पुन्हा तिकडे वळणार, म्हणून तीच चिंता मलाही पडली. गादीत तिचं पोट रुतलेलं, हवा जाणार कुठून? गरम पोळीला खालून घाम सुटू नये म्हणून आम्ही ती जाळीवर टाकतो. ती तारेची जाळी मी आणून दिली. यानं ब्रशनं फटींतला कापूस-कचरा काढला, दूर कोपऱ्यात स्टुलावर जाळी ठेवून तिच्यावर लॅपटॉप मांडला. पंख्याचा घोंघाट उतरला. जाळीसुद्धा माझ्या आंदणातलीच होती.

दुपारी बाबा आले आणि दारातच थांबले. लेक कूलरच्या हवेत बसलेली, जावई कोपऱ्यात, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. बाबांचे डोळे भरून आले.

"सुकेशनी," ते हळूच म्हणाले, "जवाईबापू सोता घामात बसते अन् हवा तुले देते. मी उगाच काळजी करून राह्यलो होतो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ते पोटभर जेवले आणि हसतमुखानं गेले.

त्यांना बसमध्ये बसवून आल्यावर वीरेंद्रनं आधी लॅपटॉपच्या पाठीला तळहात लावला. आता तापतच नाही म्हणून खूश झाला. माझ्यानं राहवलं नाही.

"मलेबी लावून पाहा नं हात."

तो खरंच आला. माझ्या कपाळावर त्यानं तळहात ठेवला. मी डोळे मिटले.

"तू तं थंडगार हाये," तो म्हणाला, आणि निश्चिंत मनानं हेडफोन लावून परत खेळायला बसला.