प्रार्थनेच्या वेळी ओरडलेली कोंबडी

"या बाकाला एकच खिळा आहे, आणि तो दर वेळी माझ्याच झग्याला भेटतो," शेजारची बाई पुटपुटली. "सकाळपासून बसवून ठेवलंय. चहा नाही, पाणी नाही. जसा काही फोन आपणच लपवला होता."

फोन तर मीच लपवला होता.

तशी मी काही चोरटी बाई नाही. सरोवराकाठच्या होमा बे गावच्या बाजारात माझं शिलाई मशीन आहे, आणि टेकडीवरच्या या मुलींच्या शाळेचे निम्मे गणवेश माझ्याच हातचे असतात. माझ्या लेकीच्या, अपोंदीच्या स्कर्टला डाव्या बाजूच्या चुणीआड मी एक चोरखिसा शिवला होता. वरून हात फिरवला तरी कळू नये असा. वसतिगृहाच्या शाळेत फोन आणायचा नाही, हा नियम मला माहीत होता. पण खिसा छान जमला होता, हे मी आजही सांगेन.

बाकावरची बाई म्हणजे रोसलिदा. सरोवराच्या काठावर ओमेना, म्हणजे बारीक मासळी, वाळवून विकते. तिच्या दोन मुली इथे शिकतात, त्यामुळे हा बाक तिच्या ओळखीचा.

"गेल्या सत्रात माझ्या थोरलीचा फोन सापडला," ती म्हणाली. "सगळ्या शाळेसमोर फोडला हो! सहाशे पोरी रांगेत उभ्या, आणि ओगोला मॅडमच्या हातात हातोडी. तीन घाव. एका घावात फुटला असता, पण उरलेले दोन आम्हाला धडा म्हणून. तुमचीनं काय केलं?"

"तिच्या फोनमधली कोंबडी ओरडली. प्रार्थनेच्या वेळी."

"ती तुमची होय!" रोसलिदा तोंडावर हात धरून हसायला लागली. "धाकटी सांगत होती. पाद्रीबाबा आमेन म्हणायच्या आत कोंबडीच आमेन म्हणाली!" मग एकदम आवाज उतरला. "आज धाकटीसाठीच बोलावलंय, तिची काळजी वाटते हो. पहिल्याच वर्षाला आहे, लहान आहे. आणि तिला ते... अल्सर आहे."

"हो का," मी म्हणाले. "अपोंदीलाही अल्सर आहे."

आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. अल्सर हा आमच्या भागातला सगळ्यात अब्रूदार आजार. पोरगी रोज गोळी का घेते? अल्सर. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात का जाते? अल्सर. प्रवेशाच्या अर्जावर मीही तेच लिहिलं होतं. अपोंदीचे वडील गेले तेव्हा दफनाच्या वेळी भावकीतल्या माणसानं सांगितलं, छातीचा विकार. आमच्या घरात खऱ्या आजाराला नाव नाही. 'ते' म्हणतो आम्ही. 'ते घेतलंस का?' सकाळी सहाला ती तिचं घेते, मी माझं, एकाच कपातल्या पाण्यानं, एकमेकींकडे पाठ करून. शाळेत जाताना मी तिच्या गोळ्यांच्या डबीत सुती चिंध्या भरून देते, डबी खुळखुळू नये म्हणून. सतरा वर्षांची झाली पोरगी. ते तिला कुणाकडून आलं, हे मी तिला एकदाही सांगितलेलं नाही. अकरा वर्षांची असताना दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला सांगितलं, 'जन्मापासून रक्तात आहे.' तेव्हा मी दोऱ्याचं रीळ आणायला म्हणून बाहेर निघून गेले होते. दवाखान्यात कसलं आलंय रीळ!

कोंबडीही त्या सिस्टरनंच फोनमध्ये घालून दिली. ॲप उघडलं की एक पिवळी कोंबडी दिसते. गोळी घेतली की तिला दाणा टाकायचा, ती अंडं देते. दाणा नाही टाकला तर रुसते, आणि फारच उशीर झाला तर ओरडते. कुणी बघितलंच तर पोरांचा खेळ वाटावा. कोंबडीच्या मागे खुराड्याचं दार आहे. त्या दाराआड आमच्या जिल्ह्यातली अशी पोरं एकमेकांशी बोलतात, आणि मोठ्या माणसांना आत घेत नाहीत.

"अपोंदीची आई, या," आतून आवाज आला.

ओगोला मॅडम उपमुख्याध्यापिका. टेबलावर परीक्षेचे कागद, कागदांवर वजन म्हणून ती हातोडी, आणि शेजारी माझ्या लेकीचा फोन. अपोंदी खिडकीपाशी उभी होती, हात मागे बांधून. मी दार लावायला वळले तर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. इथे हवा येत नाही." मी समोरच्या खुर्चीत बसले, तर दाराच्या फटीतून रोसलिदाचा अर्धा झगा दिसत होता. म्हणजे इथे जे बोलू ते चार वाजेपर्यंत मासळीबाजारात पोचणार.

"खिसा कुणी शिवला?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"शिवण चांगली आहे," त्या रुक्षपणे म्हणाल्या. "आता ऐका. मी हिला सरळ सांगितलंय. फोन उघडून दाखव. आत वावगं काही नसेल तर सत्र संपल्यावर तुमच्या हातात देईन. नाही उघडला, तर शुक्रवारी मैदानात हातोडी, आणि ही दोन आठवडे घरी. दोन दिवस झाले, पासवर्ड सांगत नाही. आत काय आहे?"

"मॅडम, तिला अल्सर आहे," मी सुरू केलं. "गोळीची आठवण राहावी म्हणून..."

"अल्सरला कोंबडी लागते?"

"हल्ली नवीन पद्धत आहे."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "औषधं मेट्रनकडे ठेवायची, संध्याकाळी रांगेत उभं राहून घ्यायची. नियम आहे. आणि पहाटे घंटा होते, तेव्हा आठवण होत नाही?"

हे मात्र माझ्याही मनात कधी आलं नव्हतं. अपोंदीला आठवणीची गरज काय? तिच्या पोटातच घड्याळ आहे. सुट्टीत घरी असते तेव्हा सहाला कोंबडा आरवायच्या आत तिची गोळी झालेली असते. मग परवा प्रार्थनेच्या वेळी कोंबडी ओरडली कशी?

"अपोंदी," मी विचारलं, "परवा तुझं चुकलं का?"

"माझं नाही चुकलं, आई. मी सहालाच घेतली."

"मग ओरडली कोण?"

"माझी नव्हती ती. माझ्या गटात माझ्यासकट अकरा जण आहेत. दोन दिवस कुणी दाणा टाकला नाही, तर कोंबडी माझ्या फोनवर ओरडते. गटप्रमुख आहे मी." ती मॅडमकडे वळली. "त्यातलं एक जण सारखं म्हणतंय, मला नाही घ्यायची, सगळे विचारतात, कंटाळा आला. मी रोज त्याच्याशी बोलते, मग घेतं. फोन तुम्ही परवा घेतलात. म्हणजे आज चौथा दिवस."

बाहेर बाक करकरला.

"कोण आहे ते?" मॅडम म्हणाल्या. "याच शाळेतलं?"

"नाव नाही सांगणार."

"गटात बाकी कोण आहेत? उघड फोन."

"नाही उघडणार."

"अगं, तुझ्यापुढे माझं काही चालत नाही असं वाटतं का तुला?"

"फोडा ना, मॅडम." आवाज चढला नाही तिचा. सुईत दोरा ओवताना माझा श्वास थांबतो, तशी स्थिर होती. "शुक्रवारी कशाला, आत्ताच फोडा. मी दुसरा आणीन. आई खिसा शिवेल. तो सापडला तर तोही फोडा, मग तिसरा. आणि घरी मी जाणार नाही. हाकलून दिलंत तर फाटकाबाहेर बसेन. मला इथे काम आहे."

"बघा, बघा कशी बोलते!" मॅडम माझ्यावर कडाडल्या. "हेच शिकवलंत?"

मी काय शिकवलं होतं? चिंध्या भरायला शिकवलं होतं. खुळखुळू नये म्हणून.

"कसल्या गोळ्या आहेत त्या, अपोंदी?" मॅडमनी हळूच विचारलं. या बाईनं वीस वर्षं मुलींमध्ये काढली होती, इतका वेळ तिला अंदाज आला नसेल असं नाही. विचारायचं नव्हतं, म्हणून ती नियमांवर बोलत राहिली होती. आम्ही सगळ्याच जणी त्यात तरबेज.

अपोंदीनं मागे बांधलेले हात सोडले.

"मला एचआयव्ही आहे, मॅडम. माझं आहे म्हणून मी सांगू शकते. बाकी दहा जणांचं मी कसं सांगणार? ते त्यांचं आहे. शेवटच्या तीन तपासण्यांत माझ्या रक्तात तो विषाणू शोधूनही सापडला नाही. मी चौथ्या क्रमांकानं पास झाले. मेट्रनच्या रांगेत मी उभी राहणार नाही, कारण त्या रांगेला मुली काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे."

मग ओगोला मॅडम उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"उघडंच असू दे, मॅडम," अपोंदी म्हणाली. "हवा येत नाही ना."

मॅडम परत येऊन बसल्या. हातोडी उचलली, खणात ठेवली. फोनवर हात ठेवला, जरासा पुढे सरकवला, पण हात काढला नाही. माझ्या लेकीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. स्कर्टची लांबी, ब्लाउजची बटणं. ती नजर मी ओळखते. बाजारात कुठल्याही पोरीचं पोट दिसायला लागलं की हीच नजर फिरते.

"इतक्या लहान वयात," त्या म्हणाल्या. "कोण होता तो? भाड्याची मोटरसायकल चालवणारा कुणी बोडावाला? की कुणी कोळी? कुणाच्या नादी लागलीस तू, पोरी?"

अपोंदीचा चेहरा पहिल्यांदाच हलला. उत्तर तिला माहीत होतं. सहा वर्षं माहीत असणार. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम खिडकीबाहेर सरोवराकडे बघत होती, आणि त्या न बघण्यात माझी पोर मला वाचवत होती. दहा जणांचं सांगणार नाही म्हणाली होती. तिनं झाकलेली मी अकरावी.

मी उभी राहिले. माझ्याही झग्याला बाकाचा तो खिळा लागला होता हे तेव्हा कळलं, मागे टर्रकन फाटलेलं. म्हटलं असू दे, शिवता येतं मला. बाहेरच्या बाकापर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, कारण तिथे बसलेल्या बाईलाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

"कुणाच्या नादी लागली नाही ती. मला एचआयव्ही आहे, मॅडम. तिला तो माझ्याकडून आला, माझ्या पोटात असताना. आता हात काढा आणि फोन द्या. पोरीचं काम खोळंबलंय."