पडद्यामागून पाहिलेला चित्रपट

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. पडदा म्हटल्यावर थिएटरातला मोठा, रुबाबदार पडदा डोळ्यांपुढे आणू नका. मी सुरतच्या गोडादरा भागात, एका खोलीच्या घरात, दोन खिळ्यांना ताणून बांधलेल्या दोरीवर लटकतो. माझ्या एका बाजूला गॅसची शेगडी, शिलाई मशीन आणि पाचवीतल्या मुलीचं दप्तर. दुसऱ्या बाजूला एक खाट, आणि खाटेवर लखन. ज्यानं मला विणलं, तोच हा लखन.

माझ्या आयुष्यात फक्त एकदा माझ्यावर चित्रपट पडला. त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे. पण त्याआधी माझ्या अंगावरच्या रेघेविषयी सांगायला हवं. तिच्यावाचून ही गोष्ट पुढे जायची नाही.

माझा जन्म लूमच्या खात्यातला, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यातला. तिथला आवाज असा, की शेजारी उभ्या माणसाला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो. लखन धुळ्याकडून आलेला, अंगानं बारीक, नजरेनं तेज. हजारभर तारांतली एक तुटली तरी त्याला कळायची. लूम थांबवायचा, बोटांनी तार शोधायची, गाठ मारायची, पुन्हा चालू. कापड कसं आलंय ते तो डोळ्यांनी बघायचा नाही. अंगठा आणि तर्जनी यांत धरून चोळत जायचा. बोट अडलं की तिथं खोट आहे, हे त्याला पक्कं ठाऊक.

एका दुपारी त्याच्या खिशातला फोन थरथरला. तो धावत बाहेर गेला. गावाकडून निरोप होता, मुलगी झाली. आत येऊन तो लूमपाशी उभा राहिला खरा, पण त्याचं मन तिथं नव्हतं. एक तार तुटली आणि त्याला दिसलीच नाही. पुढे कितीतरी मीटर माझ्या अंगावर एक उभी, विरळ रेघ उमटत गेली. शेठनं तेवढा तुकडा कापून काढला आणि हसत त्याच्याच खांद्यावर टाकला. लखन मला घरी घेऊन आला. पुढे त्याच्या बायकोनं, सुषमानं, माझ्या शेजारी एक बिनरेघेचा पट्टा शिवला आणि मी पडदा झालो. येणाऱ्याजाणाऱ्याला लखन ती रेघ दाखवायचा आणि म्हणायचा, "ही आमच्या धनूची रेघ."

मी साध्या विणीचा. माझी सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती, हे कुणालाही सांगता येणार नाही. दोन्हींकडून मी सारखाच. फक्त ती रेघ तेवढी एका कडेला आहे.

ते दिवस माझे फार चांगले गेले. धनश्री माझ्याआड लपायची आणि लखन तिला मुद्दाम खोलीभर शोधायचा. सुषमा मला दर पंधरवड्याला धुवायची. नंतर लखन लूम सोडून पलसाण्याच्या बाजूला एका रंगाईच्या कारखान्यात लागला. गेल्या हिवाळ्यात कामावरून परतताना हायवेवर त्याची मोटरसायकल घसरली. डोक्याला मार लागला. अकरा आठवडे तो दवाखान्यात होता आणि मग घरी आला. आला म्हणजे आणला. डोळे उघडायचे, पण कुणावर ठरायचे नाहीत. जेवण नळीनं. हाक मारली तरी मान वळायची नाही.

डॉक्टरांनी घरी सोडताना एकच काम सांगितलं होतं. त्याला ऐकू येतंय की नाही हे आम्हाला सांगता येत नाही, पण ओळखीचा आवाज रोज कानावर पडू द्या.

सुषमाच्या पदरात घरची सगळी कामं, वर साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम. म्हणून हे एक काम धनश्रीनं घेतलं. शाळेतून आली की ती मला बाजूला सारायची, खाटेच्या कडेला बसायची आणि दिवसभराचं सांगायला लागायची. बाई आज रागावल्या. डब्यातली भाजी सांडली. कवायतीत एकीचा बूट उडाला आणि सरांच्या पाठीला लागला. मधेच थांबून ती विचारायची, "हो ना पप्पा?" आणि उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढा सोडून पुढे बोलायची. सहा महिने तिनं एकही दिवस चुकवला नाही.

मग श्रावण आला. शेजारच्या शोभाबाईंकडे दरवर्षी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साज चढवून देवी मांडायची, रोट करायचे, आणि रात्रभर बायकांनी गाणी म्हणत जागायचं. खानदेशातून आलेल्या माणसांनी हा सण गावाकडून जसाच्या तसा गल्लीत आणला आहे. बायका आत गाणार, मग बाहेर पोरं आणि पुरुष जागे कसे राहणार? यावर वैभवनं तोडगा काढला. वैभव त्याच गल्लीतला, पर्वत पाटिया भागात मोबाइलच्या दुकानात कामाला. तो कुठूनसा प्रोजेक्टर घेऊन आला आणि सुषमावहिनींकडे त्यानं मला मागितलं. मी पांढरा, मोठा आणि फुकटचा.

पिक्चर कसला आहे असं शोभाबाईंनी विचारलं. वैभव म्हणाला, स्वप्नांचा आहे, एक शास्त्रज्ञ झोपलेल्या माणसांच्या स्वप्नात शिरतो. रोटाचं पीठ मळता मळता शोभाबाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"जागरनना दिन अनी झोपना पिच्चर? तुले दुसरं काही भेटनं नही का रे?"

सगळे हसले. त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. आठच्या सुमाराला मला गल्लीत आडवं, ताणून बांधलं. पुढच्या बाजूला चटया पडल्या आणि गर्दी झाली. मागच्या बाजूला आमचंच दार होतं. उकाडा होता म्हणून लखनची खाट दाराशी ओढलेली. त्याला एकटं कसं सोडायचं, म्हणून धनश्री उंबऱ्यावर बसली. तिच्याजवळ दोन-तीन चिल्लीपिल्ली बसली. माझं कापड पातळ. चित्र आरपार जायचं.

मित्रांनो, पडद्याला चित्रपट दिसत नाही. त्याला फक्त पाहणाऱ्यांचे चेहरे दिसतात. माझ्या अंगावर शहरं वाकत होती, पायऱ्या आकाशात जात होत्या, असं नंतर लोक बोलले. मी मात्र चटयांवरची उघडी तोंडं पाहिली. आणि मागच्या बाजूला धनश्रीचा चेहरा पाहिला.

गोष्ट माझ्या कानांवर पडत होती. तो शास्त्रज्ञ कायमचे झोपी गेलेल्या लोकांना परत आणायला त्यांच्या स्वप्नात जायचा. स्वप्न इतकं खरं, की आपण जागे आहोत की झोपेत, हे त्यालाच कळायचं नाही. म्हणून त्याची एक खूण होती. जागेपणी घड्याळ डाव्या हातात असायचं. स्वप्नात ते नेहमी उजव्या हातात सापडायचं. शेवटी तो स्वतःच एका स्वप्नात अडकतो. बाहेर त्याची मुलगी त्याच्या उशाशी बसून हाका मारत राहते. आत स्वप्नातही त्याचं घर असतं आणि तशीच एक मुलगी असते. अगदी शेवटच्या दृश्यात तो आपल्याकडे पाठ करून बाकावर बसलेला आहे. एक मुलगी "बाबा" म्हणते. तो हात उचलतो, हातावर घड्याळ. आणि चित्रपट संपतो.

पुढच्या बाजूनं टाळ्या पडल्या. उंबऱ्यावर धनश्री हलली नाही. थोड्या वेळानं तिनं वळून लखनकडे बघितलं, आणि त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं करून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कानबाईला तापी नदीवर पोचवून आले आणि मला पुन्हा माझ्या दोरीवर टांगलं. संध्याकाळी धनश्री शाळेतून आली. मला सारलं नाही. अलीकडेच बसून तिनं गृहपाठ केला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सुषमानं विचारलं तर म्हणाली, अभ्यास फार आहे. पलीकडे लखन नेहमीसारखा पडून होता. पण रोज साडेपाचला जो आवाज माझ्यातून पलीकडे जायचा, तो बंद झाला. मित्रांनो, आयुष्यात मी दोन माणसांच्या मध्ये कितीतरी वेळा लटकलो आहे, पण त्या आठवड्यात मी पहिल्यांदा भिंत झालो.

सुषमानं तिला समजावलं, रागावून पाहिलं. एका संध्याकाळी हातातली साडी बाजूला ठेवून तिनं मुलीला जवळ ओढलं आणि काही न विचारता नुसतंच डोक्यावरून हात फिरवत राहिली. तेव्हा ते बाहेर आलं.

"मम्मी, पप्पांकडे तिथं दुसरी धनश्री आहे. ती बोलते त्यांच्याशी. मी इकडून बोलले तर त्यांना दोन्हीकडून आवाज येईल. त्रास होईल."

सुषमाचा हात थांबला. पिक्चर तो पिक्चर असतो बेटा, एवढंच ती म्हणू शकली. धनश्रीनं मान हलवली. पण पिक्चरमधल्या पप्पांच्या मुलीनं केवढ्या हाका मारल्या, तरी ते तिकडेच राहिले, मी बघितलं, असं ती म्हणाली. बोलताना ती रडली नाही. ते सुषमाला जास्त लागलं असावं. ती उठून शेगडीपाशी गेली आणि रिकामं पातेलं पुन्हा विसळायला लागली.

रविवारी वैभव लखनला बघायला आला. दर रविवारी येतो, लखनची दाढी करून जातो. साबण लावता लावता तो सहज म्हणाला, "काय धनू, आवडला ना पिच्चर? शेवटी पोरीनं उठवलाच बापाला."

"नाही उठवला," धनश्री अलीकडून म्हणाली. "घड्याळ उजव्या हातात होतं."

"डाव्या."

"उजव्या. मी नीट बघितलं, काका."

वैभव म्हणाला, अगं मी तीन वेळा बघितलाय हा पिक्चर. धनश्री हट्टाला पेटली. तिनं पुरावाच दिला. शेवटी त्यानं हात उचलला तो बरोबर पप्पांच्या रेघेपाशी होता, घड्याळ रेघेवरच आलं होतं. वैभव वस्तरा धरून थांबला. हे मात्र खरं, तो म्हणाला, रेघेवरच होतं. मलाही आठवतंय, कारण त्या रेघेनं घड्याळाची काच फुटल्यासारखी दिसत होती.

दोघंही एकच सांगत होते आणि तरी भांडत होते. सुषमा साडीवर टिकली लावत होती. तिची मान वर झाली. ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. रेघ तिच्या उजव्या हाताला होती. मग ती मला बाजूला सारून लखनच्या खाटेकडे गेली, मला पुन्हा ओढून घेतलं, आणि तिथून बघितलं. रेघ डाव्या हाताला.

"धनू," ती पलीकडून म्हणाली, "तू कुठं बसली होतीस त्या दिवशी?"

धनश्री म्हणाली, उंबऱ्यावर, पप्पांजवळ.

पडद्याच्या मागे बसलं की अक्षरं उलटी दिसतात, हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. त्या रात्रीही पाट्या उलट्या दिसल्या म्हणून ती चिल्लीपिल्ली खिदळली होती. पण अक्षरं उलटतात तसे हातही उलटतात, हे कुणाच्या मनातच आलं नाही. दुसरा कुठला चित्रपट असता तर त्यानं काही बिघडलं नसतं. हा असा होता, की मागून बघणाऱ्याला पूर्ण गोष्टच उलटी दिसली. जागेपण दिसलं तिथं स्वप्न होतं, आणि स्वप्न दिसलं तिथं जागेपण. अशा चित्रपटात काही विचित्र वाटलं तरी संशय कोण घेणार?

धनश्री इकडून बघून आली, तिकडून बघून आली. पुन्हा इकडून. मग माझी कड मुठीत धरून उभी राहिली. सुषमा तिच्याशेजारी खाली बसली. तिनं काही गोड खोटं सांगितलं नाही.

"पप्पा उठतील असं मी म्हणत नाही बेटा. मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. पण ते तिकडे राहिले, हे तू उलट्या बाजूनं बघितलंस. एवढं खरं."

वैभवनं मान खाली घालून दाढी पुरी केली. तो गेल्यावर धनश्रीनं मला बाजूला सारलं. किती दिवसांनी तिच्या हाताची ओढ माझ्या कड्यांना लागली. ती खाटेच्या कडेला बसली. 

"पप्पा, चुकलं माझं," ती म्हणाली. "मी मागून बघत होते."

आणि मग तिनं आठ दिवसांचं सगळं साठलेलं सांगायला घेतलं. शाळेतलं, गल्लीतलं, त्या चित्रपटाची गोष्टसुद्धा, यावेळी सुलट. मधे मधे थांबून, "हो ना पप्पा?"

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एका संध्याकाळी ती अशीच बोलत होती, खिडकीतून वारा आला आणि माझी कड लखनच्या हातावर जाऊन पडली. धनश्री मला उचलायला वळली आणि थांबली. लखनचा अंगठा हलत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्यानं मला धरलं होतं आणि हळूहळू चोळत पुढे सरकत होता, खात्यात सरकायचा तसाच. डोळे कुठंतरी छताकडे. बोटं रेघेपाशी आली आणि तिथं अडली.

धनश्रीनं आईला हाक मारली नाही. ती त्याच्या बोटांकडे वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "हो पप्पा. माझीच आहे ती."

हे जागेपण होतं की झोपेतली जुनी सवय, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, बघू या. मी कापड आहे. मला एवढंच कळतं की ज्या बोटांनी मला विणलं, ती माझ्यातली एक तुटलेली तार अजून ओळखतात.

मित्रांनो, आता मी विरत चाललो आहे. माझ्या कडा सुटल्यात, मधली शिवण दोनदा उसवली. मला पाण्यात फार वेळ भिजवू नका, जोरानं पिळू नका, एवढं माझ्यासाठी करा. आणि तुमच्या घरात कुणी बोलत नसेल, ऐकत आहे असं दिसत नसेल, तर त्याच्या आणि तुमच्या मधला पडदा रोज एकदा बाजूला सारा. बाहेर उभं राहून तुम्हाला कळणार नाही, कोण कोणत्या बाजूला आहे ते. आत येऊन बसा. दिवसभराचं सांगा. उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढा सोडा.

साडेपाच वाजत आले. बाहेर चपलांचा आवाज येतो आहे. आता ती मला सारेल.